शेवटचे गाणे संपले की थांबा : एका दशकाचे दहा अल्बम आणि स्ट्रीमिंग कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
संगीत ऐकवणाऱ्या सर्व स्ट्रीमिंग कंपन्यांचे प्रमुख आणि त्यांची अ‍ॅप घडवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

२०१० ते २०१९ या दशकातल्या माझ्या मते सर्वोत्तम अशा दहा अल्बमांची यादी या पत्रातून तुमच्यापुढे ठेवतो आहे. अशी यादी ज्याची त्याची असते आणि माझी तुम्ही मान्य करावी असा माझा आग्रह नाही. आग्रह एवढाच आहे, की ती करताना मी जी कसोटी लावली ती तुम्ही तुमच्या अ‍ॅपला लावून पाहावी. गाण्यांचा क्रम विस्कटला, दोन गाण्यांमधली मोकळी जागा गेली किंवा शेवटच्या गाण्याला लागूनच भलतेच काही वाजू लागले, तर त्या अल्बमचे किती नुकसान होते? जेवढे नुकसान जास्त, तेवढा तो अल्बम माझ्या यादीत वर. नुसती चांगली गाणी पुष्कळ अल्बमांत असतात. गाण्याशेजारी गाणे ठेवल्यावर दोन्हींत नसलेले काहीतरी तिसरे ऐकू यायला लागते, असे अल्बम थोडे असतात, आणि तुमच्या अ‍ॅपवर सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात.

हिंदुस्थानी वाद्यसंगीताचे उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रकार लगेच कानाला खुपतो. कितीतरी ध्वनिमुद्रणांत एकाच रागाचे आलाप, जोड, झाला, गत असे वेगवेगळे ट्रॅक केलेले असतात. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय, चालू असली की आधी झाला वाजतो, मग मधलीच एखादी गत, आणि आलाप सगळ्यात शेवटी. ज्या स्वरांनी राग सावकाश उभा राहायचा, ते स्वर राग धावून दमल्यावर येतात. रागाचे नाव माहीत नसलेल्यालाही काहीतरी बिनसले आहे हे कळते. पॉप, रॉक किंवा रॅपच्या अल्बमचा क्रम मोडला की अगदी हेच होते. तिथे ते पटकन लक्षात येत नाही, कारण प्रत्येक गाणे सुटे ऐकायलाही छान लागते.

दहाव्या जागेवर पंडित रविशंकर यांचा 'द लिव्हिंग रूम सेशन्स'चा पहिला भाग आहे (२०१२). वयाच्या ९१ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या घरात, तन्मय बोस यांच्या तबल्याच्या साथीने केलेले हे वादन. पंडितजी डिसेंबर २०१२ मध्ये गेले आणि पुढच्याच फेब्रुवारीत या अल्बमला ग्रॅमी मिळाले. हातात पूर्वीचा वेग नाही, पण कुठे थांबायचे याची समज अशी आहे की एकेक मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, संपेपर्यंत दुसरे काही करवत नाही. इथे ट्रॅकच्या क्रमापेक्षा प्रत्येक रागाला दिलेला अवधी महत्त्वाचा आहे. तीस सेकंद ऐकले की एक 'प्ले' मोजायचा आणि दोन मिनिटांच्या गाण्याला जे मोल तेच पाव तासाच्या रागाला द्यायचे, ही तुमच्या धंद्यातली रूढ पद्धत असल्या संगीताच्या मुळावर येणारी आहे. असे पैसे मिळणार असतील तर उद्या कोण कशाला आलाप करील?

नवव्या जागेवर रेडिओहेडचा 'अ मून शेप्ड पूल' (२०१६). माझ्या कसोटीविरुद्धचा सर्वांत जोरकस पुरावा हाच अल्बम आहे, हे मला दिसते, आणि म्हणूनच तो यादीत हवा. यातली अकरा गाणी चक्क इंग्रजी अकारविल्हे लावलेली आहेत. 'बर्न द विच'पासून सुरुवात, 'ट्रू लव्ह वेट्स'ने शेवट. तुम्ही म्हणाल, मग क्रमाचे एवढे काय घेऊन बसलात? माझे म्हणणे असे की कलावंतांनी तो क्रम ऐकून पाहिला आणि कायम ठेवला, म्हणजे तो निवडलाच. आणि शेवटी काय आले ते बघा. 'ट्रू लव्ह वेट्स' हे गाणे बँड १९९५ पासून कार्यक्रमांत गात होता. तेव्हा ते गिटारवरचे तरुण गाणे होते. वीस वर्षांनी स्टुडिओत आले ते एकमेकांत न मिसळणाऱ्या पियानोच्या सुरांवर, थकलेल्या आवाजात. त्याच्याआधीची दहा गाणी ऐकलेली नसतील तर हा थकवा कुठून आला ते कळणार नाही. 'बर्न द विच'मध्ये व्हायोलिन-चेलोच्या तारांवर गिटारची नखी मारून काढलेला तो कडकडाट आणि अखेरीला हा पियानो, एवढे अंतर हा अल्बम कापतो.

आठव्या जागेवर बियॉन्सेचा 'लेमनेड' (२०१६). त्याच्यासोबतच्या चित्रपटाला अंतःप्रेरणेपासून नकार, संताप, अलिप्तता असे करत मुक्तीपर्यंत अकरा पायऱ्या आहेत, त्यांच्यामध्ये वार्सन शायर या कवयित्रीचे शब्द आहेत, आणि नुसता अल्बम ऐकला तरी या पायऱ्या जाणवतात. फसवणुकीचा संशय, मग राग, मग 'डॅडी लेसन्स'मध्ये बापाची आठवण. नवऱ्याच्या गोष्टीत बाप का आला? कारण दुखणे एका पिढीचे नाही. हे गाणे बरोबर मध्यावर आहे आणि तिथून अल्बम वळतो. 'फॉर्मेशन' हे सर्वांत गाजलेले गाणे अल्बमच्या आधीच फेब्रुवारीत बाहेर आले होते, पण अल्बममध्ये त्याची जागा सर्वांत शेवटी आहे, गोष्ट मिटल्यावर. लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी दाखवणारी तुमची यादी त्याला वर आणून ठेवते आणि बाईने एवढ्या कष्टाने कमावलेला तो ताठा फुकटात मिळाल्यासारखा वाटतो.

फ्रँक ओशनचा 'ब्लाँड' (२०१६) सातवा आहे. दोनच ठिकाणे सांगतो. 'बी युवरसेल्फ' हे गाणे नाही, एका आईने फोनवर ठेवलेला निरोप आहे. पोरा, नशा करू नकोस, दारू पिऊ नकोस, तू आहेस तसाच राहा, असे ती कळवळून सांगते. तो निरोप संपतो आणि 'सोलो' सुरू होते. ऑर्गनवरचे गोड, एकाकी गाणे, आणि गाणारा नशेत आहे. आईचे सगळे बोलणे वाया गेले हे कोणी सांगत नाही, दोन ट्रॅकच्या शेजारामुळे ते कळते. दुसरे ठिकाण 'नाइट्स'मधले. हा अल्बम साधारण तासाभराचा आहे आणि त्याच्या जवळजवळ मध्यावर, या गाण्याच्या पोटात, गिटारचा एक कर्कश झोत येऊन ठेका बदलतो. इथून पुढे सगळा अल्बम रात्रीचा आहे. 'बी युवरसेल्फ'सारखे बोललेले ट्रॅक वगळून पुढे जाणारे श्रोते बरेच असणार. ते गाळले की 'सोलो' नुसते गोड गाणे उरते.

सहाव्या जागेवरच्या, पीजे हार्वीच्या 'लेट इंग्लंड शेक'बद्दल (२०११) थोडक्यात लिहितो, कारण त्याची ताकद उघड आहे. इंग्लंड आणि युद्ध, विशेषतः पहिल्या महायुद्धातले गॅलिपोलीचे रणांगण, हा विषय. ध्वनिमुद्रण डॉर्सेटमधल्या एका चर्चमध्ये झालेले. 'द ग्लोरियस लँड'मध्ये बँडच्या लयीशी काडीचाही संबंध न ठेवता मध्येच बिगुल वाजतो. पहिल्यांदा ऐकताना चूक वाटते, मग कळते की युद्धाची हाक कोणाच्या लयीत येत नसते. बारा गाण्यांतले शेवटचे गाणे सुरू होते ते तिच्या आवाजात नाही, तिचा साथीदार मिक हार्वी याच्या. इतका वेळ एक बाई सैनिकांबद्दल गात होती, आता खंदकातून परतलेला माणूस हरवलेल्या मित्राबद्दल स्वतः बोलतो. या अल्बमला ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि तो दोनदा मिळवणारी ती पहिली कलावंत ठरली.

पाचवा 'घोस्टीन' (२०१९), निक केव्ह आणि बॅड सीड्सचा. केव्ह यांचा पंधरा वर्षांचा मुलगा आर्थर २०१५ मध्ये कड्यावरून पडून गेला. त्यानंतर आलेला 'स्केलेटन ट्री' बराचसा आधी लिहिलेला होता. 'घोस्टीन' मात्र त्या दुःखाच्या आतून आलेला. दोन भाग आहेत: पहिल्यात आठ गाणी, दुसऱ्यात दोन दीर्घ गाणी आणि त्यांच्यामध्ये एक बोललेला तुकडा. केव्ह यांनीच सांगून ठेवले आहे की पहिल्या भागातली गाणी ही मुले आणि दुसऱ्या भागातली त्यांचे आईबाप. आता हे शफलवर लावून बघा. आईबाप आधी, मग एक मूल, मग पुन्हा बाप. ढोल-ताशे असे काही या अल्बमात नाहीच, जवळजवळ सगळा अल्बम सिंथेसायझरच्या लाटांवर तरंगतो, त्यामुळे तो मोडला तरी आवाज होत नाही आणि तुमच्या एकाही आकड्यात ते दिसत नाही. शेवटचे 'हॉलीवुड' हे चौदा मिनिटांचे गाणे समुद्रकिनाऱ्यावरून सुरू होऊन पोहोचते कुठे, तर किसा गोतमीपाशी. मेलेले मूल कडेवर घेऊन दारोदार फिरणारी, ज्या घरात कोणी गेले नाही अशा घरातून मोहरी मागणारी ती आई. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. ती एका ऑस्ट्रेलियन बापाच्या, ताणून ताणून उंच नेलेल्या आवाजात ऐकताना जे होते, ते आधीच्या पन्नास मिनिटांच्या वाटेने चालत आल्याशिवाय होत नाही.

जोअ‍ॅना न्यूसमचा 'डायव्हर्स' (२०१५) चौथा. हा अल्बम काळाबद्दल आहे, आणि त्याची रचना काळासारखीच वर्तुळाकार आहे. 'टाइम, अ‍ॅज अ सिम्प्टम' या शेवटच्या गाण्यात वाद्ये, पक्ष्यांचे आवाज आणि तिचा आवाज असा सगळा मेळ चढत चढत जातो आणि एका शब्दाच्या अर्ध्यावर कापल्यासारखा थांबतो. उरलेला अर्धा शब्द कुठे आहे? पहिल्या गाण्याच्या अगदी आरंभी. अल्बम पुन्हा सुरुवातीपासून लागला की शब्द पूर्ण होतो आणि वर्तुळ जुळते. अशी रचना करायला किती विचार करावा लागला असेल, आणि ती उधळायला तुमच्या ऑटोप्लेला क्षणभरही लागत नाही. अर्धा शब्द हवेत असताना 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून कोणा तिसऱ्याचेच गाणे सुरू होते. अकरा गाण्यांचा सगळा डोलारा ज्या एका जोडावर उभा आहे, नेमका तोच निखळतो.

इथे यादी बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. माझ्या दहापैकी सात अल्बम २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांतले आहेत. मी मुद्दाम तसे केलेले नाही, पण यादी लिहून झाल्यावर हे दिसले आणि मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड २००' या अल्बमांच्या तक्त्याने डिसेंबर २०१४ मध्ये नवा हिशोब सुरू केला: अल्बममधली गाणी मिळून १५०० वेळा स्ट्रीम झाली की एक अल्बम खपला असे धरायचे. हे १५०० एकाच गाण्याने भरून काढले तरी चालते. म्हणजे ज्याचा दुसरा ट्रॅक कोणी ऐकलेलाच नाही असा अल्बमही तक्त्यात वर जाऊ शकतो. २०१८ मध्ये पैसे भरणाऱ्यांचे १२५० आणि फुकट ऐकणाऱ्यांचे ३७५० असे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले. अल्बम या शब्दाचा हिशोबी अर्थ असा पातळ होत असताना मोठमोठे कलावंत नेमके उलट दिशेने गेले आणि तोडताच येणार नाहीत असे अल्बम करू लागले, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. त्यांनी ठरवून केले असे मी म्हणत नाही, पण त्या दोन वर्षांची निर्मिती एकत्र ऐका आणि मग सांगा.

तिसऱ्या जागेवर ब्यॉर्कचा 'वल्निक्युरा' (२०१५). एका संसाराचा शेवट, आणि त्याचा क्रम म्हणजे अक्षरशः दिनदर्शिका. अल्बमसोबतच्या पुस्तिकेत पहिल्या सहा गाण्यांखाली काळ लिहिला आहे: ताटातुटीच्या नऊ महिने आधी, पाच महिने आधी, तीन महिने आधी, मग दोन महिने नंतर, सहा महिने नंतर, अकरा महिने नंतर. 'हिस्ट्री ऑफ टचेस'मध्ये ती रात्री जागी होऊन शेजारच्या माणसाकडे बघते आणि तिला कळते की हे आता संपत आले. पुढचा ट्रॅक 'ब्लॅक लेक'. त्या दोन ट्रॅकच्या मधल्या फटीत घर मोडले आहे. मोडतानाचे गाणेच नाही. आधी तीन महिने, नंतर दोन महिने, आणि मध्ये काहीच नाही. 'ब्लॅक लेक' दहा मिनिटांचे आहे आणि त्यात प्रत्येक कडव्यानंतर तंतुवाद्यांचा एकच सूर नुसता धरून ठेवलेला आहे, इतका वेळ की गाणे अडकले की काय असे वाटावे. दुःखात माणूस असाच एका जागी राहतो.

या अल्बमवरून दोन तांत्रिक मागण्या करतो. एक, गाणी एकमेकांत मिसळवणारा क्रॉसफेड अल्बमला लावू नका. श्रोत्याने इतर गाण्यांसाठी तो चालू ठेवला असेल तरी अल्बम लागला की तो आपोआप बंद व्हावा. वर सांगितलेली फट क्रॉसफेडमध्ये बुजते, म्हणजे अख्खी ताटातूट बुजते. दोन, आवाजाची पातळी समान करणारी सोय प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्रपणे लावू नका, ती अख्ख्या अल्बमला एकदाच लावा. तंत्र उपलब्ध आहे आणि काही अ‍ॅप हे नीट करतातही. जी करत नाहीत त्यांच्यावर 'हिस्ट्री ऑफ टचेस'ची कुजबुज आणि 'फॅमिली'च्या सुरुवातीचे ते धडाके एकाच पातळीवर येतात. कोणी कुजबुजले काय आणि कोणी किंचाळले काय, सारखेच.

डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' दुसरा आहे. ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी तो आला, आणि १० जानेवारीला बोवी गेला. जगाने दोन दिवस हा अल्बम एका अर्थाने ऐकला आणि त्यानंतर कायमचा दुसऱ्या अर्थाने. पण मरणाची ही गोष्ट दूर ठेवूनही त्याच्या संगीताबद्दल बोलायला हवे. न्यूयॉर्कमधल्या डॉनी मॅकॅस्लिनच्या जॅझ चमूला त्याने बोलावले, निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीसोबत सगळे गुपचूप ध्वनिमुद्रित केले आणि मार्क गिलियानाच्या ड्रमवर असे ठेके धरवले की रॉकची लय कुठे संपते आणि जॅझची कुठे सुरू होते ते सांगता येऊ नये. फक्त सात गाणी, चाळीसेक मिनिटे. शीर्षकगीतात दोन वेगवेगळी गाणी जोडलेली आहेत. ते मुळात अकरा मिनिटांच्या वर गेले होते. आयट्यून्स या अ‍ॅपलच्या गाण्यांच्या दुकानात दहा मिनिटांहून मोठे गाणे सुटे विकता येत नाही असे कळल्यावर ते कापून ९ मिनिटे ५७ सेकंदांवर आणले. विक्रीच्या खिडकीचे माप कलाकृतीच्या अंगाला कसे लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तुमचा एखादा नियम, एखादे बटण, एखादा मोजणीचा उंबरठा आज कुठल्यातरी स्टुडिओत कोणाच्यातरी गाण्याला कात्री लावतो आहे, हे ध्यानात ठेवा.

शेवटच्या 'आय कान्ट गिव्ह एव्हरीथिंग अवे'मध्ये हार्मोनिका येते. बोवीचा 'लो' (१९७७) ऐकलेल्याला ती ताबडतोब ओळखू येते, कारण नव्या गावात नवा डाव मांडण्याबद्दलच्या तिथल्या वादनाची ती आठवण आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या आरंभाचा सूर त्याने अखेरीला आणून ठेवला. या अल्बमला ग्रॅमीत पाच पुरस्कार मिळाले आणि तरीही वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या नामांकनांत तो नव्हता, हे मला आजही पटलेले नाही.

आणि पहिला केंड्रिक लामारचा 'टू पिंप अ बटरफ्लाय', मार्च २०१५. याच्याबद्दल मला अजिबात शंका नाही.

सोळा ट्रॅक, जवळजवळ ऐंशी मिनिटे. यात एक कविता आहे, जी एकदम ऐकू येत नाही. 'किंग कुंटा' संपताना तिच्या पहिल्या दोन ओळी येतात. पुढे त्याच ओळी पुन्हा येतात, पण थोड्या वाढलेल्या. असे करत ती वाढत जाते आणि तिची प्रत्येक नवी ओळ पुढच्या गाण्याचे दार उघडते. 'दीज वॉल्स' संपताना कविता हॉटेलच्या खोलीत किंचाळण्यापर्यंत येते आणि पुढच्या 'यू' या गाण्याची सुरुवात त्या किंचाळीनेच होते. ते गाणे म्हणजे यशाच्या शिखरावर बसलेल्या माणसाने आरशासमोर स्वतःला दिलेल्या शिव्या. उत्तरार्धात आवाज रडका, दारूने जड झालेला, मध्ये बाटल्यांची किणकिण. त्याला लागूनच 'ऑलराइट' येते. २०१५ मध्ये पोलिसांच्या अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी हे गाणे आपले केले. सुटे ऐकले तर ते उमेदीचे गाणे आहे. 'यू'नंतर ऐकले तर कळते की ही उमेद आत्मनाशाच्या कडेवरून परत फिरलेल्या माणसाची आहे.

आता 'यू'चे दुसरे टोक पाहा. 'आय' हे गाणे अल्बमच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये सुटे आले होते. स्वतःवर प्रेम करण्याबद्दलचे, झकपक, नाचावेसे वाटणारे. त्याला दोन ग्रॅमीही मिळाली. अल्बममध्ये पंधराव्या जागी तेच गाणे आहे आणि तेच नाही. इथे ते गर्दीसमोर गायल्यासारखे आहे, कच्चे, खरखरीत. मध्येच गर्दीत मारामारी होते, गाणे बंद पडते आणि केंड्रिक गाणे सोडून लोकांना आवरतो, आपण आपली किती माणसे गमावली ते विचारतो. पुरस्कार मिळवलेले गाणे त्याने स्वतःच्या हाताने फोडले, कारण 'यू'मधून वर आलेल्या माणसाला ते गुळगुळीत रूप शोभले नसते. तुमच्या अ‍ॅपवर 'आय' शोधले की ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात, एकाच गाण्याच्या दोन प्रती असल्यासारखी. ती दोन वेगळी विधाने आहेत आणि दुसऱ्याचा अर्थ अल्बमच्या बाहेर लागत नाही.

शेवटचा 'मॉर्टल मॅन' बारा मिनिटांचा आहे. इथे कविता अखेर पूर्ण होते आणि कळते की इतका वेळ ती कोणालातरी वाचून दाखवली जात होती. समोर आहे रॅपर टूपाक, जो १९९६ मध्येच मारला गेला. १९९४ मधल्या एका मुलाखतीतला त्याचा आवाज घेऊन हा संवाद रचला आहे. केंड्रिक विचारतो, टूपाक उत्तरे देतो, दोघे पैशाबद्दल, भुकेबद्दल, बंडाबद्दल बोलतात. मग केंड्रिक सुरवंट आणि फुलपाखराची गोष्ट वाचतो आणि तुला काय वाटते असे विचारतो. उत्तर येत नाही. तो हाक मारतो. पुन्हा मारतो. अल्बम तिथे संपतो.

उत्तर न येणे हाच या अल्बमचा शेवट आहे. ऐंशी मिनिटे ज्याच्याशी बोलत होतो तो नाही, आता काय ते तुमचे तुम्ही बघा, असे म्हणून केंड्रिकने श्रोत्याला सोडलेले आहे. आणि त्या हाकेला तुमचे अ‍ॅप उत्तर देते. कोणाचे तरी नाचरे गाणे लावून. तंत्रज्ञानाची अडचण इथे कसलीच नाही. अल्बम संपल्यावर थांबणे हे सुरू राहण्यापेक्षा सोपे आहे. कोणीतरी बसून ठरवले आहे की शांतता म्हणजे गिऱ्हाईक निसटण्याची वेळ. तो निर्णय बदला. ज्यांना पुढे काही वाजायला हवे आहे त्यांच्यासाठी बटण ठेवा, पण अल्बम म्हणून लावलेला अल्बम आपोआप थांबला पाहिजे.

हे होऊ शकते याचा दाखला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेलचा 'थर्टी' आला तेव्हा तिच्या मागणीनंतर स्पॉटिफायने पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी अल्बमच्या पानावरचे मुख्य बटण शफलऐवजी क्रमाने वाजवणारे केले. एका गायिकेच्या शब्दाने हे झाले. मग जे पैसे भरत नाहीत त्यांना तेव्हाच क्रमाचा हक्क का मिळाला नाही, हे मला समजलेले नाही. आणि क्रम म्हणजे गोठलेली गोष्ट असेही मी म्हणत नाही. केंड्रिकनेच २०१७ च्या 'डॅम'ची एक आवृत्ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढली, तीच गाणी उलट्या क्रमाने लावून, आणि गोष्टीचा अर्थ फिरला. पुढच्या वर्षी त्या अल्बमला संगीताचा पुलित्झर मिळाला. क्रम बदलायचा असेल तर तो असा बदलावा, ज्याची कलाकृती आहे त्याने, विचार करून.

यादीबाहेर राहिल्याची हळहळ दोघांबद्दल आहे. सुफ्यान स्टीव्हन्सचा 'कॅरी अँड लोवेल', ज्यात आईच्या मृत्यूनंतरचे दुःख इतक्या हलक्या हाताने गायले आहे की हॉटेलच्या खोलीतल्या एसीची घरघरही एका गाण्यात तशीच राहू दिली आहे. आणि सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचा जवळजवळ तीन तासांचा 'द एपिक'. कमासीचे नाव निघालेच आहे तर सांगतो: 'टू पिंप अ बटरफ्लाय'वर त्याचा हात आहे, थंडरकॅटचा बास आहे, रॉबर्ट ग्लास्परचा पियानो आणि टेरेस मार्टिनचे काम आहे. 'ब्लॅकस्टार'वर बेन मॉन्डर, टिम लेफेव्हर, जेसन लिंडनर आहेत. रेकॉर्डच्या वेष्टनावर ही नावे समोर दिसायची. तुमच्याकडे ती असली तर दोन-तीन मेनूंच्या आड असतात, कधी अपुरी, कधी नुसती गीतकार-निर्मात्यांची. वाद्य आणि वादक, दोन्ही गाण्याच्या शेजारी दिसले पाहिजेत.

शेवटची मागणी आकड्यांची. वर्षाअखेरीला तुम्ही श्रोत्यांना सांगता की त्यांनी किती मिनिटे ऐकले, कोणते गाणे किती वेळा वाजवले. एखादा अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, न तोडता किती जणांनी ऐकला, हा आकडाही तुमच्याकडे नक्की असणार. तो मी कधी जाहीर झालेला पाहिला नाही. या दशकातल्या सगळ्या अल्बमांसाठी तो प्रसिद्ध करा. त्यात माझ्या दहांपैकी एकही वर आला नाही तरी हरकत नाही, मी ती यादी मन लावून वाचीन आणि जे अल्बम लोकांनी अखेरपर्यंत ऐकले ते पहिल्या गाण्यापासून ऐकायला घेईन.

कळावे,
अल्बम अखेरपर्यंत ऐकणारा एक श्रोता